परदेशी शिक्षण : जोखीम कुणाच्या डोक्यावर?



गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवे असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. बियाणे-खते, म्हैस, दवाखाना, लग्न. अलीकडे एरंडोल तालुक्यातल्या गटांत आमच्या कानावर एक नवे कारण येते : "पोरगी परदेशात शिकायला जायचं म्हणते." बैठक जराशी शांत होते. मग कुणीतरी बोलतेच, "इतला पैसा कोठून आनसूत, ताई?" दुसरी म्हणते, गेलेली पोर परत येईल का? तिसरी म्हणते, आपल्यासारख्यांनी असल्या भानगडीत पडूच नये. या तिसरीचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. पण पहिल्या दोघींना नीट उत्तर दिले पाहिजे, कारण जोखीम खरी आहे. ती किती आहे आणि घरात नेमकी कुणाच्या डोक्यावर येते, एवढेच आज बोलू.

आनंदीबाई जोशींचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. कल्याणची मुलगी, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी बाळ झाले आणि दहा दिवसांत गेले. बाईला बाई डॉक्टर मिळाली पाहिजे, हे तिथून तिच्या मनाने घेतले. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाली. प्रवासखर्चासाठी अंगावरचे सोने विकले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूकही हातात होती. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच ती परतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारली. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भाषणांत तिच्या पदवीचे कौतुक होते. तिथली थंडी, जेवणाची आबाळ, आजारपण यांबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मुलगी पाठवायची तर फीबरोबर तिचे खाणे, गरम कपडे आणि आजारपणाचा विमा हेही खर्चातच धरायचे.

तिच्या मागोमाग १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला म्हणून कोर्टाने त्यांना तुरुंगाची भीती दाखवली होती, त्याच या. त्यांच्यामागे हितचिंतक उभे राहिले, पैसा जमवला. त्या डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोट इथे कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली. १९५५ पर्यंत जगल्या. धाडस दोघींचेही मोठे. रखमाबाईंच्या पाठीशी मात्र माणसे जास्त होती, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तर पैशाचा हिशेब शिकवणारी आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. हे महाराज मूळचे आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याच्या शेतकरी घरातले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायचा करार. पुढे बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पण येताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. या सगळ्या वर्षांत मुंबईतला संसार रमाबाईंनी ओढला. त्यांची पाचांपैकी चार मुले लहानपणीच दगावली. परदेशी गेलेल्या माणसाइतकीच जोखीम घरी राहिलेल्या बाईने उचलली होती.

आता आजचा हिशेब.

पहिली अडचण वेळेची. तिकडचे वर्ष बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. प्रवेश पक्का करायचे पैसे, व्हिसा, विमानाचे तिकीट हे सगळे एप्रिल ते जुलैत लागते. आपला कापूस दसरा-दिवाळीनंतर घरात येतो. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर, हातात दमडी नसताना, लाखांची मागणी उभी राहते. सावकाराचे फावते ते इथेच. जायचे ठरले तर निदान दीड वर्ष आधी तयारी धरा, म्हणजे मधला एक कापसाचा हंगाम हाताशी येतो.

दुसरी गोष्ट बँकेच्या कर्जाची. केंद्र सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या बँकांकडे अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, त्यापुढे बँका तारण मागतात. बऱ्याच बँका त्यासाठी शेतजमीन घेत नाहीत. घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. शिवाय चार लाखांपुढच्या कर्जात परदेशी शिक्षणासाठी साधारण १५ टक्के रक्कम घरची घालावी लागते.

समजा २० लाखांचे कर्ज वर्षाला १० टक्क्यांनी काढले. आपल्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज असते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्या मानाने बँक स्वस्त. पण रक्कम बघा. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच राहते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर तीन वर्षांत ६ लाख व्याज चढते. मग २६ लाख बारा वर्षांत फेडायचे, म्हणजे महिन्याला सुमारे ३१ हजारांचा हप्ता. पोरीला तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परत येऊन पंचवीस हजारांची नोकरी लागली तर? हा प्रश्न कर्ज घेण्याआधी घरात मोठ्याने विचारायचा.

आणि या कर्जावर सह-कर्जदार म्हणून आई-वडिलांची सही असते. आमचा आग्रह इथेच आहे. "बाई, इथं सही कर" म्हटले की आपण करतो. हप्ता थकला तर बँक त्याच सहीला धरते, पत आईचीही जाते. तेव्हा रक्कम, व्याजदर, हप्ता कधी सुरू होणार आणि तारण काय, या चार गोष्टी मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. गटाच्या पैशातून पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, अर्जाची फी एवढा खर्च भागवावा. फीसाठी गटाचे कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चाळीस बायकांची बचत एका व्हिसावर टांगता येत नाही.

कर्जाआधी शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही वेगळी आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. आदिवासी, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठीही त्या त्या विभागाच्या योजना आहेत. इतर मागासवर्गीय महामंडळ शैक्षणिक कर्जावरचे व्याजही परत देते. जागा थोड्या असतात, जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो आणि उत्पन्नाची अट असते. नियम बदलतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

सगळे परदेश सारखे महागही नाहीत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात ठेवून दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. फुकट म्हणता म्हणता हा आकडा पुढे येतो.

आपल्याकडे एजंट जास्त फिरतात ते डॉक्टरकीसाठी. रशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान अशी नावे ऐकू येतात. "नीटची गरज नाही" असे कुणी म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. नीट पास असल्याशिवाय तिकडची पदवी इथे चालत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे निदान ५४ महिने शिक्षण, ते इंग्रजीतून, आणि शिवाय १२ महिने इंटर्नशिप लागते. परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य नापास होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय मुले शिक्षण अर्धवट टाकून परतली. त्यात कुणा आईबापाची चूक नव्हती. पण एजंटच्या कागदावर असल्या जोखमीचा रकाना नसतोच.

एजंट असेही सांगतो की पोरगी तिकडे काम करून खर्च काढेल. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून भाजी-भाकरी निघेल, फी निघत नाही. एजंटला पैसे देण्याआधी विद्यापीठाचे प्रवेशपत्र मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर आले आहे का ते पाहा, आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात भरा, एजंटच्या नव्हे.

ज्यांच्या घरी मुलगी आता अकरावी-बारावीत आहे, त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आतापासून काढायला घ्यावे. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव व आधारवरचे नाव एका अक्षराने जरी वेगळे असले तरी पासपोर्टपाशी गाडी अडते. पुढच्या बैठकीला येताना दोन्ही कागद घेऊन या, आपण एकत्र बसून ताडून पाहू.