कण्हाचा शिष्य बलक आणि आजचा शिकाऊ पाथरवट

कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंढाणे येथे प्राचीन बुद्धलेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. लेण्यांतून राजांची व व्यापाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. येथे मात्र काम करणाऱ्याचे नाव आहे आणि त्याच्याशेजारी बापाचे नव्हे, शिकविणाऱ्याचे नाव आहे.

ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. बापाचा धंदा मुलाच्या माथी मारणारी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी भोगली आहे. जातीमुळे धंदा निवडण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले. जन्माने लादलेले काम ही बेडी. स्वखुशीने निवडून शिकलेले काम ही विद्या. दगडाचे काम हलके नाही. ते कोणत्या रीतीने शिकविले जाते, हा खरा प्रश्न आहे.

या कामात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दगडावर हातोडी वाजवून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड चांगला, बद्द वाजला तर आत चीर असण्याचा संभव. आपला काळा पाषाण टाकीची टोके लवकर बोथट करतो. म्हणून टाकी भट्टीत तापवून ठोकणे व तिला बेताचे पाणी देणे शिकावे लागते. पाणी जास्त झाले तर टोक तुटते, कमी झाले तर दबते. मग गुण्या लावून एक बाजू सपाट करणे, तिच्यावरून दुसरी काटकोनात काढणे, आणि शेवटी ओळंब्यात भिंत चढविणे. हे महिन्या-दोन महिन्यांत येत नाही.

परंतु अनेक ठिकाणी घडते काय? पोरगा 'शिकायला' म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली जातो आणि वर्षानुवर्षे घमेलीच वाहतो. टाकी हाती येत नाही, मजुरी बिगाऱ्याची, आणि नाव मात्र शिकाऊ!

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आचार्याची कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला नीट वळण लावावे, विषय त्याच्या पुरता गळी उतरवावा, कोणतीही कला हातची राखू नये, आपल्या स्नेह्यांत त्याची शिफारस करावी आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. आजच्या मिस्त्रीला व मालकालाही हेच माप लावावे, असे आम्ही म्हणतो.

रक्षणाचा मुद्दा जिवाचा आहे. वाळूखडक व ग्रॅनाइटमध्ये सिलिका पुष्कळ असते. हे दगड यंत्राने कोरडे कापले की डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. काळ्या पाषाणात सिलिकाचे हे स्फटिक कमी असतात, तरी धूळ ती धूळच. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. कापताना पाण्याची धार हवी, तोंडावर धुळीसाठीचा योग्य मास्क हवा, डोळ्यांवर चष्मा हवा.

म्हणून मुलाला किंवा मुलीला या कामास घालण्यापूर्वी आईवडिलांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, टाकी हाती कधी देणार आणि काय काय शिकविणार? दुसरी, धुळीचा बंदोबस्त काय? तिसरी, कागद कोणता मिळणार? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार होतो व विद्यावेतन द्यावे लागते. धोकादायक कामावर १८ वर्षांखालील मुलास घेता येत नाही. बांधकामावर वर्षभरात ९० दिवस भरले असतील, तर १८ ते ६० वर्षांच्या कामगाराला कल्याण मंडळात नोंदणी करता येते. तेव्हा भरलेल्या दिवसांची नोंद घरच्या वहीत ठेवावी.

हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ज्याला खरोखर शिकवायचे आहे तो उत्तर देईल. जो चिडेल त्याला बिगारी हवा आहे, शिष्य नको, हे ओळखावे. बलकाने आपल्या गुरूचे नाव दगडावर कोरले. आपल्या मुलांनाही अभिमानाने नाव सांगता येईल असाच गुरू त्यांना शोधून द्यावा.