नायट्यासारखा, पण नायटा नव्हे

चेहऱ्यावर खाजऱ्या पुळ्यांचं गोल कडं उठतं. कडं बाहेर पसरतं, मधला भाग निवळतो. बघणारा सहज म्हणेल, नायटा! क्योतो विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ शिगेओ ओफुजी यांनी अभ्यासलेल्या अशा रुग्णांत मात्र बुरशी नव्हतीच. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह नोंद प्रसिद्ध केली आणि १९७० मध्ये आजाराचं नाव ठरलं : इओसिनोफिलिक पस्ट्युलर फॉलिक्युलायटिस. जीभ वळत नसेल तर ‘ओफुजीचा आजार’ म्हणा, डॉक्टरही म्हणतात.

खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. त्वचेचा बारीक तुकडा रंगवला की केसाच्या कूपात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची दाटी दिसते. केंद्रकाच्या दोन पाळ्या, भोवती लालभडक कण. जंतूंमुळे होणाऱ्या साध्या केसतोडात तिथे मुख्यतः न्यूट्रोफिल असतात. नायट्याची तपासणी त्याहून सोपी. खवले खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. काही मिनिटांत त्वचेचा कचरा विरघळतो आणि बुरशीचे फाटे फुटलेले तंतू उघडे पडतात.

फरक कळणं गरजेचं, कारण ओफुजीच्या आजारात अँटिबायोटिक किंवा बुरशीनाशक मलम सहसा कामाचं नसतं. तिथे गुण येतो तो बहुधा इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाने.

आपल्याकडे हा आजार विरळा, नायटा घरोघरी. तरीही दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून चोळू नका. त्याने नायट्याची कडा पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. आधी खवले तपासून घ्या.