धुक्यांतील प्रवास आणि मोटारीचे धुक्याचे दिवे

धुईची ओळख आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. तूर फुलोऱ्यांत असतां धुई पडली म्हणजे फुलगळीची धास्ती पडते, हें प्रत्येक कास्तकार जाणतो. परंतु हीच धुई पहाटे रस्त्यावर उतरली म्हणजे पिकाहून मोलाची वस्तु, म्हणजे मनुष्याचा जीव, धोक्यांत येतो. तिकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. आतां पुष्कळ कास्तकारांच्या दारीं मोटार किंवा जीप उभी असते. तिला बहुधा धुक्याचे दिवेही असतात. पण ते कोठें आहेत, कशानें लागतात व केव्हां लावावे, असें विचारल्यास घरच्या धन्यास उत्तर देतां येत नाहीं. म्हणून या विषयावर थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम धुकें कां पडतें तें पाहूं. थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे रात्रीं जमिनींतील उष्णता झपाट्यानें निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते व तिच्यांतील वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनून तेथेंच तरंगत राहतात. जमीन जितकी ओली, तितकी वाफ अधिक. अर्धापूरच्या आसपास केळी व ऊस यांचीं भिजणारीं रानें आहेत. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचें, म्हणजे इसापूर धरणाचें पाणी कालव्यानें या भागांत येतें. यामुळें सखल रान, ओढा व कालव्याचा पूल या ठिकाणीं धुकें जमण्यास अनुकूल स्थिति असते. नांदेडहून अर्धापूर, वारंगा, हदगांव या वाटेनें नागपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ अशाच रानांमधून गेला आहे. शिवाय धुक्याचे महिने तेच ऊस गाळपाचे महिने. भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना याच तालुक्यांत असल्यानें उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या व केळीच्या मोटारी अपरात्रीं रस्त्यावर असतात. म्हणून हा प्रश्न दूरदेशींचा नसून आपल्या शिवारांतला आहे.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें १,००० मीटरच्या पलीकडचें दिसेनासें झालें म्हणजे तें धुकें; २०० मीटरच्या आंत आल्यास दाट, आणि ५० मीटरच्या आंत आल्यास अतिदाट धुकें समजतात.

अशा वेळीं चालक काय करतो? दिसत नाहीं म्हणून पुढच्या मोठ्या दिव्यांचा लांब झोत लावतो, आणि मग त्यास आधींच्याहूनही कमी दिसतें. कारण उघड आहे. धुक्याचा प्रत्येक थेंब उजेड चहूंकडे उधळून देतो. लांब झोत वरच्या अंगास व दूरवर जात असल्यानें डोळ्यांच्या रेषेतील सर्व धुकें उजळतें व चालकापुढें जणूं चुन्याची भिंत उभी राहते. धुक्याचे दिवे याच्या उलट बेताचे असतात. ते बंपरमध्यें, जमिनीच्या जवळ बसविलेले असतात. त्यांचा झोत आडवा, रुंद व वरून छाटल्यासारखा असतो. त्यामुळें डोळ्यांसमोरचें धुकें फारसें न उजळतां रस्त्याची कड व जवळची पट्टी तेवढी दिसते. दूरचें दाखविणें हें त्यांचें कामच नव्हे.

आतां हे दिवे शोधावे कसे? दिवसा, गाडी उभी असतांना, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत खालीं लहान दिवे आहेत कीं नाहींत तें पाहावें. नंतर आंत बसून चक्राजवळची दिव्यांची कांडी पाहावी. पुष्कळ जपानी व कोरियन बनावटीच्या गाड्यांत ती चक्राच्या उजव्या हातास असते व तिच्यावरील मधलें कडें फिरविलें कीं धुक्याचे दिवे लागतात. कांहीं युरोपी बनावटीच्या गाड्यांत समोरच्या फळीवर गोल खुंटी असते. ती बाहेर ओढावी लागते. कांहींत निराळें बटन असतें. खूण मात्र सर्वत्र एकच: दिव्याचें चित्र, त्यांतून निघालेल्या रेघा व त्यांस छेदणारी एक नागमोडी रेघ. रेघा खालीं कललेल्या असल्यास तो पुढचा दिवा. तो लागला कीं समोर हिरवी खूण उजळते. रेघा सरळ आडव्या असल्यास तो मागचा दिवा. त्याची खूण पिवळसर असते. बहुतेक गाड्यांत लहान दिवे आधीं लावल्याशिवाय धुक्याचे दिवे लागत नाहींत. म्हणून नुसतें बटन दाबून दिवा बिघडला असें समजूं नये.

मागचा धुक्याचा दिवा सर्व गाड्यांस नसतो. असल्यास तो तांबडा व नेहमींच्या मागच्या दिव्याहून पुष्कळ प्रखर असतो. दाट धुक्यांत मागून येणाऱ्यास तो फार उपयोगी. पण धुकें विरल्यावर तसाच ठेवल्यास मागच्याचे डोळे दिपतात व ब्रेकचा दिवा ओळखूं येत नाहीं. जर्मनीत ५० मीटरच्या आंत दिसत असेल तेव्हांच तो लावण्याची मुभा आहे, व त्या स्थितींत वेगही ताशी ५० किलोमीटरच्या वर नेतां येत नाहीं. हा दंडक आपणही मनांत धरण्याजोगा आहे.

पिवळा दिवा धुकें भेदून जातो, अशी समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानानें बरेच मोठे असल्यामुळें ते सर्व रंग जवळजवळ सारखेच उधळतात. पिवळा उजेड कोणाच्या डोळ्यांस सौम्य वाटत असेल, पण रंगापेक्षां दिव्याची उंची व झोताचा आकार हींच महत्त्वाचीं. बाजारांतून फार प्रखर दिवे आणून छपरावर बसविणें तर धुक्यांत निरर्थकच. समोरच्यास त्यांचा ताप मात्र होतो.

दिवे लावले म्हणून वेग वाढवावा असें नव्हे. हिशेब करून पाहा. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असें धरलें व रस्ता दंवानें ओला मानला, तर गाडी थांबेपर्यंत ताशी ६० किलोमीटर वेगास सुमारें ६० मीटर, ४० च्या वेगास सुमारें ३२ मीटर व २० च्या वेगास सुमारें १२ मीटर अंतर लागतें. म्हणजे ३० मीटरच दिसत असतां ४० चा वेगही अधिकच होय. जितकें दिसतें तितक्यांत गाडी थांबली पाहिजे, हा एकच नियम पुरेसा आहे. झोत खालीं ठेवावा, काच आंतून-बाहेरून पुसावी, खिडकी थोडी उघडी ठेवून कानोसा घ्यावा. चारही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावून गाडी हांकूं नये. वळण्याचा इशारा त्यांत लोपतो. दिसेनासेंच झालें तर रस्त्यावर न थांबतां पेट्रोलपंप किंवा ढाबा गांठावा.

आतां प्रश्नाची दुसरी बाजू. मोटारवाल्याचा दिवा कितीही चांगला असला, तरी पुढें उभी असलेली उसाची ट्रॉली अंधारांत असेल तर त्याचा उपयोग तोकडा पडतो. उसाच्या मोळ्या मागें लोंबतात व त्यांत मागचा दिवा झांकून जातो. चाक फुटलें कीं ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते. ती हलविल्यावरही चाकाला लावलेले दगड तेथेंच पडून असतात. ही ट्रॉली व हे दगड आपलेच आहेत, हें विसरतां कामा नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या मागें तांबडे परावर्तक लावण्याची तजवीज आहे. परावर्तक पट्टीस तेल, वीज कांहींच लागत नाहीं. तिच्यावर पडलेला उजेड ती आल्या वाटेनें परत धाडते. मागें तांबडी, बाजूस पिवळी व पुढें पांढरी पट्टी लावावी. ती मोळ्यांखालीं झांकणार नाहीं अशा जागीं असावी व तिच्यावरचा चिखल रोज पुसावा. बैलगाडीसही हीच पट्टी व एक दिवा अवश्य बांधावा.

अपघातांत शेतकरी दगावल्यास राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांस २ लक्ष रुपये मिळण्याची सोय आहे. त्यासाठीं सात-बारा व वारसाची नोंद लागते. वारसाचे फेरफार लिहिण्यांत आमची नोकरी गेली. कर्ता पुरुष गेल्यावर सात-बाऱ्यावर विधवेचें व अज्ञान मुलांचें नांव चढतें. पण त्या रानांत पाळी घालणारा परत येत नाहीं. तेव्हां हंगाम सुरू होण्यापूर्वीं एक दिवस काढून प्रत्येकानें आपल्या मोटारीचे दिवे शोधून, लावून पाहावे, मुलांस व चालकास ते दाखवावे, आणि त्याच दिवशीं ट्रॉलीस पट्टी लावून टाकावी, अशी आमची सर्व बंधूंस आग्रहाची विनंति आहे.