आवळणे नव्हे, सैल सोडणे!

लघवी अडखळत होणे, शौचाला कुंथावे लागणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे या तक्रारी संकोचापोटी लपवल्या जातात. त्यांचे एक कारण ओटीपोटाच्या तळाशी असते. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशयाला आधार देतात. सतत पोट आत ओढणे, लघवी रोखणे, मानसिक ताण यांमुळे ते आखडू शकतात. पुरुषांनाही हा त्रास होतो.

डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आवळण्याचे व्यायाम दुबळ्या स्नायूंसाठी आहेत. आखडलेल्या स्नायूंचे दुखणे त्यांनी वाढू शकते. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

आखडलेले असल्यास उताणे झोपून गुडघे दुमडावेत. नाकाने सावकाश श्वास घेत पोट वर येऊ द्यावे, खालचे स्नायू सैल सोडावेत. श्वास सोडतानाही काही आवळू नये. असे रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटे करावे. बसताना पोक काढू नये. दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार द्यावा, पावले जमिनीला टेकवावीत.

लघवीत रक्त, ताप किंवा जांघेत बधिरपणा असल्यास मात्र व्यायामावर विसंबू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.