लिबर्टी सिटी आणि तिचा नायक

'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' हा व्हिडिओ गेम २९ एप्रिल २००८ रोजीं मोठ्या गाजावाजानें बाजारांत आला. खेळणारानें गुन्हेगाराचें सोंग घेऊन एका अफाट शहरांत वाटेल तिकडे भटकावें, असा हा खेळ. एडिंबरो येथील रॉकस्टार नॉर्थ या संस्थेनें न्यूयॉर्कवरून बेतलेलें हें शहर म्हणजे लिबर्टी सिटी.

शहराची स्तुति करतांना हात आंखडण्याचें कारण नाहीं. पाऊस आला कीं पादचारी छत्र्या उघडतात. मोटारीचा धक्का लागलेला मनुष्य बाहुलीसारखा न कोसळतां तोल सांवरूं पाहतो. नायक निको बेलिक बाल्कन युद्धांत होरपळलेला. चुलतभाऊ रोमनच्या थापांना भुलून तो अमेरिकेस येतो. वाड्याऐवजीं नशिबीं येते झुरळांची खोली!

परंतु श्रोतेहो, गोम पुढेंच आहे. कथेंतला निको केलेल्या हत्या आठवून व्यथित होतो, आणि पुढच्याच कामगिरींत मुडदे पाडल्याखेरीज खेळ सरकत नाहीं. त्याच्या पश्चात्तापावर मग विश्वास कसा बसावा? कामगिरी फसली तर पुन्हां आरंभापासून, तोच मोटारप्रवास. शिवाय रोमनचा फोन येतो, बोलिंगला चल म्हणून. नाहीं म्हटलें तर स्वारी रुसते.

कांहीं थोड्या ठिकाणीं मात्र समोरच्यास मारावें कीं सोडावें, हें खेळणारावर सोंपविलें आहे. ज्या विश्वासघातक्याच्या शोधांत निको आला, तो दार्को ब्रेविक पुढ्यांत उभा राहतो तेव्हांहि तसेंच. तेथें पिस्तुलावरचा हात खरोखर थबकतो.