तालमीभोवतीचं कोल्हापूर

कोल्हापूरकर आपली ओळख सांगताना आधी पेठ सांगतो आणि लगेच तालीम. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या जुन्या वस्त्यांचा संसार तालमींभोवतीच वाढला. तालीम मुळात कुस्तीची. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, कापूर, लिंबू घालून ती मऊ राखायची. पहाटे जोर-बैठका, मग लढती, मग बदामाची थंडाई. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतून आलेली पोरं आजही राहतात आणि घाम गाळतात. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्या धर्तीवर त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 मध्ये पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते.

आता बऱ्याच तालमींत हौदा उरलेला नाही; नाव मात्र टिकलं आणि दरारासुद्धा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी आज गाजतात त्या फुटबॉलसाठी. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकतात. ही ईर्ष्या कधी कधी हाणामारीवर जाते, तेही खरंच.

सणही तालमीचेच. गणपती बसतो तिथेच मोहरमचे पंजेही बसतात आणि दोन्हींची उठबस करणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोघंही असतात. 2018 आणि 2019 मध्ये हे सण एकत्र आले, तेव्हा अनेक तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी होते. तालमीबाहेरही सण रंगतो: चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'च्या गजरात गुलालानं डोंगर माखतो.

सणवार बाजूला ठेवले, तर कोल्हापूर जिल्ह्याचं पोट ऊस, दूध आणि उद्यमनगरातल्या फौंड्र्यांवर चालतं. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसली ती 1895 मध्ये. दुधाचं वेड तर गंगावेशीत बघावं. कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. फेसाळ पेला उभ्या उभ्या रिकामा करून माणूस घरची वाट धरतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसह.

खाण्याबाबत मात्र बाहेर बराच गैरसमज आहे, की कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखट. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या वाळवून, मसाले भाजून, डंकावर कुटून वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. पाहुणा आला की मटण ठरलेलं. तांबडा रस्सा याच चटणीचा. पांढऱ्या रश्शात मात्र मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, वर खड्या मसाल्याची फोडणी. तिखटजाळ असं त्यात काही नाही. मिसळीचा कट झणझणीत असतो खरा, पण तिच्यासोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात आणि तिखट सोसेल तेवढंच घ्यायची मुभाही असते. इथल्या चवीचा जीव भाजलेल्या मसाल्यात आहे, नुसत्या मिरचीत नाही. देशभरच्या हॉटेलांत लाल तेलाचा तवंग घेऊन येणारी 'व्हेज कोल्हापुरी' कोल्हापूरच्या घरांत शिजत नाही.