घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला मुळात २५५६५ हे टीसीपी पोर्ट लागतं, बेडरॉकला १९१३२ हे यूडीपी. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करताना ही जोडी चुकली, की मित्राला आत येता येत नाही. त्याआधी सर्व्हरच्या संगणकाला घरातला आयपी पत्ता कायमचा नेमून द्यावा. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि केलेली सगळी सेटिंग भलत्याच यंत्राला लागू होते. विंडोजच्या फायरवॉलचीही परवानगी हवी.

भारतात खरी मेख बहुधा पुढेच असते. राउटरच्या पानावरचा 'वॅन' पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. (पत्त्यांचा हा पट्टा २०१२ साली खास याचसाठी राखून ठेवला गेला.) मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य! कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी विकत घ्यावा, दोन्ही टोकांना असेल तर आयपीव्ही६ वापरावं, नाहीतर एखादी टनेल सेवा. टनेलमध्ये पिंग वाढतो, पण चार मित्रांच्या खेळाला चालून जातं.

चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता टाकला तर बरेच राउटर तो आत वळवतच नाहीत. व्हाइटलिस्टही चालू ठेवा, कारण २५५६५ कुठे उघडं आहे हे हुडकत फिरणारे बॉट इंटरनेटवर भरपूर आहेत.